मध्यंतर नसलेलं नाटक

मुंबईहून नाटक कंपनीच्या व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "सरांचं नवं नाटक येतंय," ते म्हणाले. "नाशिकला शनिवार-रविवार लागोपाठ दोन प्रयोग करायचेत. डिसेंबरातल्या तारखा बघा."

नाटक कसलं आहे, असं मी विचारलं नाही. सरांच्या नाटकाबद्दल तसं कुणीच विचारत नसे. सर म्हणजे आपल्याकडचे फार मोठे दिग्दर्शक. पंचवीसेक वर्षं त्यांनी लोकांना पोट धरधरून हसवलं. त्यांच्या नाटकात एक दिवाणखाना असायचा आणि त्याला चार-पाच दारं असायची. एका दारातून नवरा बाहेर गेला की दुसऱ्यातून सासरा आत यायचा, कपाटात भाडेकरू लपलेला असायचा, आणि पहिला अंक संपताना ज्यांनी एकमेकांसमोर यायला नको ती सगळी माणसं एकाच वेळी स्टेजवर असायची. मग मध्यंतर. लोक बाहेर येऊन बटाटेवडे खात खात तीच वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवायचे.

नाशिकमध्ये नाटकांचे प्रयोग लावण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आधी माझे मामा करायचे. त्यांच्याकडे मी फोन घ्यायला बसायचे, मग त्यांचे गुडघे गेले आणि काम माझ्याकडे आलं. नाट्यगृहाची तारीख मिळवायची, जाहिरात द्यायची, तिकिटं विकायची, कलाकारांच्या जेवणाखाण्याचं बघायचं आणि प्रयोग संपल्यावर खुर्च्यांखाली राहिलेल्या शाली आणि चष्म्याची घरं गोळा करायची. दारावर तिकिटं फाडायला माझे यजमान उभे राहतात. नोकरीत होते तेव्हाही सुट्टीच्या दिवशी यायचे, आता निवृत्त झाल्यापासून प्रत्येक प्रयोगाला असतात. नाटक मात्र ते कधी बघत नाहीत. तिसरी घंटा झाली की बाहेरच्या बाकावर जाऊन पेपर वाचतात.

जाहिरात लागली त्याच सकाळी घोटीहून फोन आला. "ताई, सरांचं नाटक हाय ना? आमची बसभर तिकिटं धरा." या घोटीच्या काकू. त्यांच्या घरची भाताची गिरण आहे. भाताची कापणी-झोडणी उरकली, गिरणीवरची गर्दी जरा ओसरली की त्या महिला मंडळाच्या बायका घेऊन वर्षातून एकदा नाशिकला नाटकाला येतात. हसायला येतात, हे त्या स्वतःच सांगतात. "वर्षभर आमी काय हसतो ताई? इथं येऊन एकदाच हसून घेतो."

दोन्ही दिवसांची तिकिटं जवळजवळ संपली. मी खुशीत होते.

शनिवारी सकाळी नेपथ्याचा टेम्पो आला. मी रंगमंचावर गेले तर कामगार एक स्वयंपाकघर उभं करत होते. ओटा, भांड्यांची मांडणी, पितळेचे डबे, पातेली, परात, आणि कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग.

"दारं मागच्या टेम्पोत आहेत का?" मी विचारलं.

"दारं नाहीत यात," कामगार म्हणाला. "एवढंच आहे."

मला तेव्हाच काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण दुपारी सर आले आणि चहा घेताना जे म्हणाले त्यानं मी उडालेच. "आपल्याकडे मध्यंतर नाही हं. सलग दोन तास."

"मध्यंतर नाही?"

"या नाटकात तोडता येत नाही."

मी त्यांना समजावायला लागले. थंडीचे दिवस आहेत, सर. आमच्याकडे म्हातारी माणसं फार येतात. घोटीच्या बायका दुपारीच निघून तास-दीड तास बसमध्ये बसून येतात. कँटीनवाल्यानं शंभर-दीडशे वड्यांची तयारी करून ठेवलीय. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, हे मला मुद्दाम सांगायला हवं. आवाज कधी चढवत नाहीत, कामगारांनाही अहोजाहो करतात. पण त्या दिवशी ते माझ्याकडे बघत होते आणि माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"निदान मी माइकवरून सांगू का आधी? मध्यंतर नाही म्हणून?"

"नको," ते म्हणाले. "आधी सांगितलं की लोक आधीच कंटाळतात. त्यांना आत येऊ द्या. नाटक त्यांना धरून ठेवेल."

"आणि हे विनोदी नाही, हे तरी?"

"विनोदी नाही असं कोण म्हणालं?" ते हसले. "नाटक आहे. बस."

आता यावर काय बोलणार?

संध्याकाळी नेहमीसारखी गर्दी झाली. काकू मंडळाच्या बायका घेऊन आल्या, सगळ्यांच्या अंगावर स्वेटर, केसांत गजरे, पिशव्यांमध्ये चिवड्याचे डबे. "ताई, औंदा कपाटात कोण लपणार?" असं विचारून त्या मोठ्यांदा हसल्या. मी काहीतरी पुटपुटले.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. ओट्यापाशी एक बाई, जमिनीवर एक पुरुष. भाऊ-बहीण. आई गेलेली आहे आणि तिच्या स्वयंपाकघरातलं सामान आवरायला दोघं आलेत, हे पुढे कळतं. सुरुवातीला काहीच कळत नाही. ती एक एक भांडं त्याच्या हातात देते, तो ते वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि खोक्यात ठेवतो. कुणी बोलत नाही. कागदाचा आवाज तेवढा येतो.

लोक वाट बघत होते. मी मागे उभी होते, मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. सगळे थोडे पुढे झुकलेले, आता काहीतरी होणार म्हणून. तेवढ्यात भावाच्या हातून डब्याचं झाकण निसटलं, गडगडत स्टेजच्या टोकापर्यंत गेलं आणि गरगर फिरून पडलं. सगळं नाट्यगृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. अखेर सुरू झालं एकदाचं, असं त्यांना वाटलं असणार. पण बहिणीनं जाऊन ते झाकण उचललं, पदरानं पुसलं आणि परत शांतता. ते हसू हवेत तसंच राहिलं आणि विरून गेलं.

मग ते बोलायला लागले, तर इतकं हळू की मागच्या रांगांना अर्धं कळेना. माइक लावायचे नाहीत, असं सरांनी सांगितलं होतं. आपण घरात बोलतो तसं बोलायचं. घरात बोलतो तसंच ते बोलत होते, पण आपल्या घरात सहाशे माणसं बसलेली नसतात. लोक चुळबुळायला लागले, कुणीतरी खोकलं, त्यामुळे आणखी ऐकू येईना. आणि मग काकू उठून उभ्या राहिल्या.

"अवो, जरा मोठ्यानं बोला की! मागं काय बी ऐकू येत नाय!"

स्टेजवरची नटी थांबली. तिनं प्रेक्षकांकडे बघितलं नाही, पण हातातली परात तशीच धरून उभी राहिली. कुणी हसलं, कुणी "श्शू" केलं, पुढून एक माणूस ओरडला, "बसा खाली!" काकूंनी उलट विचारलं, "का म्हणून? आमी तिकिटं नाय काढली?" नटीनं पुढचं वाक्य म्हटलं. अगदी तितक्याच हळू आवाजात.

त्यानंतर लोकांचं उठणं सुरू झालं. काही रागानं गेले, पण बरेचसे लघवीला. मध्यंतर होईल या भरवशावर संध्याकाळचा चहा पिऊन आलेली माणसं ती. अंधारात वाट दिसेना म्हणून त्यांनी मोबाइलचे दिवे लावले. दहा-बारा दिवे इकडून तिकडे हलताहेत, खुर्च्या खटाखट मिटताहेत, आणि स्टेजवर बहीण भावाला सांगतेय की आईनं शेवटी कुणाची आठवण काढली. ते वाक्य मी ऐकलंच नाही. मी एका आजींचा हात धरून त्यांना पायऱ्यांवरून खाली नेत होते. त्या विचारत होत्या, "मध्यंतर कधी गं?" मी म्हणाले, "आजी, नाहीये या वेळी." त्या म्हणाल्या, "नाहीये म्हणजे काय? असं कसं चालेल?" मी स्वतः दुपारी अगदी हेच विचारलं होतं.

त्या आजींना परत जागेवर बसवून मी दारापाशी आले तेव्हा यजमान बाकावर नव्हते. पेपर घडी करून ठेवलेला. शोधलं तर ते आत, शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभे होते आणि नाटक बघत होते. मी खुणेनं बोलावलं, त्यांचं लक्ष नव्हतं. दोन दारांवर माणसं ये-जा करताहेत, मी एकटी धावतेय आणि इतक्या वर्षांत कधी नाटक न बघितलेल्या माणसाला नेमकं आजच बघायचंय! इतका राग आला मला.

प्रयोग संपला. पडदा पडल्यावर पुढच्या काही रांगा उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या, मागचे लोक खुर्च्यांखालच्या चपला शोधत होते.

बाहेर पायऱ्यांवर मला आमच्याकडचे एक प्राध्यापक भेटले. नाटकांवर लिहितात, त्यांना पास द्यावा लागतो. डोळे चकाकत होते. "पुनर्जन्म आहे हा," माझे दोन्ही हात धरून ते म्हणाले. "पंचवीस वर्षांचा कचरा त्या माणसानं एका फटक्यात झटकून टाकला. पण आपला प्रेक्षक! टॉर्च काय लावतात, ओरडतात काय! लाज वाटली मला नाशिककर असल्याची."

कचरा म्हणजे ती नाटकं, ज्यांच्यावर माझं घर चाललं. शिवाय त्याच नाटकांचे पास हेच प्राध्यापक दर वेळी दोन-दोन मागून न्यायचे आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं हसायचे. हे मी त्यांना बोलले नाही. बोलायला हवं होतं.

त्यांच्यामागे काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. प्राध्यापक गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा असा पडलेला की त्या आधीच्याच बाई आहेत हे पटू नये.

"ताई, तुमी आमाला फसवलं."

"मी कुठे फसवलं काकू? मलाही दुपारीच कळलं."

"मंग दुपारी फोन करायचा व्हता. आमी बसमधी व्हतो, माघारी फिरलो असतो नायतर ठरवून आलो असतो. माझ्या बायांना मी सांगून आणलं, पोट दुखंस्तोवर हसायचं हाय म्हणून. त्यातल्या दोघींच्या सासवा याच पावसाळ्यात गेल्या. त्या बसल्या ना मुसमुसत. आता मी त्यांना काय सांगू?"

मला सांगता आलं असतं की सरांनीच सांगू नका म्हटलं होतं. पण ते म्हणजे दुसऱ्यावर ढकलणं झालं असतं. मी म्हणाले, "चुकलंच." त्या बसकडे गेल्या.

आत रंगपटात सर आरशासमोरच्या खुर्चीत बसले होते. ते रागावले असतील अशी माझी समजूत होती, पण ते नुसते थकलेले दिसत होते. "ओरडणाऱ्या बाई कोण होत्या?" त्यांनी विचारलं.

"घोटीच्या. तुमची सगळी नाटकं बघितलीयत त्यांनी."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि आरशाकडे वळले.

घरी आल्यावर मी यजमानांना धारेवर धरलं. दार सोडून आत कशाला गेलात? ते म्हणाले, "चांगलं होतं."

"काय चांगलं होतं?"

"चांगलं होतं," परत तेच. मी आणखी खोदलं, तर म्हणाले, "आता प्रत्येक गोष्टीचं काय सांगायचं?" आणि दूध तापवायला निघून गेले. माझी फार चिडचिड झाली. जो तो मला येऊन काही ना काही सांगत होता, पुनर्जन्म, फसवणूक, चांगलं होतं, आणि मी स्वतः ते नाटक बघितलेलंच नव्हतं. मला फक्त झाकण पडलेलं आठवत होतं आणि त्या आजींचा थंडगार हात.

रविवारी सकाळपासून फोन सुरू झाले. शनिवारी बघून गेलेल्यांनी रात्रीतून आपापल्या ग्रुपवर काय काय लिहिलं होतं देव जाणे. कुणी म्हणे नटीचा घसा बसल्यामुळे आवाज नव्हता, म्हणून नाटक पडलं. कुणी म्हणे सरांना पुरस्कार हवाय, म्हणून त्यांनी असलं काढलंय. एका गृहस्थांनी मला पाच मिनिटं ऐकवलं की सरांना काहीतरी मोठा आजार झालेला आहे, त्याशिवाय माणूस असा बदलत नाही. मी म्हणाले, "अहो, कालच जेवले ते माझ्यासमोर, ठणठणीत आहेत." तर म्हणाले, "तुम्हाला कशाला सांगतील?" एका मुलीनं मात्र विचारलं, "आजच्याचं एखादं तिकीट आहे का? मैत्रीण म्हणाली, चुकवू नकोस." उरलेले सगळे एकच विचारत होते : विनोदी आहे की नाही? मी खरं सांगत होते. नाही. मध्यंतरही नाही. निम्मे लोक म्हणायचे, तिकिटं काढलीत, पण मग राहू द्या.

शेवटी मी एक पांढरा पुठ्ठा घेतला, जाड पेननं लिहिलं, "हे नाटक विनोदी नाही. सलग दोन तास. मध्यंतर नाही. कृपया नोंद घ्यावी." आणि तिकीट खिडकीशेजारी लावला. दुपारचा प्रयोग होता. सर गाडीतून उतरले आणि थेट त्या पुठ्ठ्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

"लोक विचारताहेत सर. किती जणांना फोनवर सांगू?"

"औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं लिहिलंय तुम्ही. मुलांच्या हाताला लागू देऊ नका, एवढंच राहिलंय."

एरवी मला हसू आलं असतं. पण माझं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. मी म्हणाले, "सर, तुम्हाला बदलायचं होतं तर बदलायचं. तुमचा हक्क आहे. पण ते जाहिरातीत का नाही लिहिलं? जाहिरातीत नुसतं तुमचं नाव. त्या नावावर लोक हसायला येतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"नाव काढलं असतं तर कुणीच आलं नसतं," ते म्हणाले. "आणि लोकांना आधी सांगितलं असतं, तर काल जे आले त्यातले निम्मे आले नसते. मला तेच निम्मे हवे होते. जे आधीपासून असली नाटकं बघतात, त्यांच्यासाठी मी कशाला करू?"

"पण त्या निम्म्यांना काय हवंय, हे तुम्ही विचारलंत का कधी?"

"पंचवीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही. तुम्हाला जी माणसं हवीत, त्यांना असं अंधारात आणून बसवायचं? दार लावून घ्यायचं? माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन बायका होत्या, सासवा गेलेल्या. सरांनी पुठ्ठा काढा असं म्हटलं नाही. मीही काढला नाही. ते आत गेले.

निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुठ्ठा वाचून काही जण खिडकीवरूनच परत गेले होते. मी यजमानांना म्हटलं, आज तुम्ही बाहेर थांबा, मी बसणार आहे. आणि पाचव्या रांगेत जाऊन बसले. माझ्याच प्रयोगाला मी खुर्चीत बसले नव्हते कितीतरी वर्षांत.

माणसं कमी असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं. झाकण पडलं तेव्हा कुणी हसलं नाही. मला ते जरा विचित्र वाटलं, कारण आज लक्ष देऊन बघताना ते खरोखर मजेशीर होतं. भाऊ त्या झाकणाकडे इतक्या अपराधी चेहऱ्यानं बघतो की कालचं हसू चुकीचं नव्हतं असं वाटलं. आजच्या लोकांना पुठ्ठ्यानं बजावलं होतं, हे विनोदी नाही. म्हणून त्यांनी हसू आवरलं. हे मी केलं होतं.

नाटकात एक जागा अशी आहे की भावाला एका डब्याचं झाकण सापडत नाही. तो प्रत्येक झाकण लावून बघतो. एक मोठं होतं, एक लहान, एक बसतं पण हलतं. बहीण ओट्याला टेकून बघत राहते. मग म्हणते, "त्याचं हरवलंय. आई वाटी ठेवायची वर." एवढंच. माझे डोळे भरून आले, कारण माझ्या आईकडेही एका डब्यावर ताटली असायची आणि इतक्या वर्षांत मला ती एकदाही आठवली नव्हती.

पण मग तिथून पुढे पाऊण तास नाटक चाललं. खरंच कंटाळा आला. भाऊ-बहीण वाटणीवरून भांडतात, परात कुणी न्यायची यावर अडतात, गप्प होतात, परत तेच बोलतात. मध्ये तर दोघं कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत उभी होती आणि खिडकीबाहेर काय आहे ते आम्हाला दिसत नव्हतं. मी घड्याळ बघितलं. मला तहान लागली. मला स्वतःचाच राग आला आणि सरांचाही आला. इतकी सुंदर जागा ज्याला जमते, त्याला पुढचा पाऊण तास कापता येऊ नये? त्यांच्या जुन्या नाटकांत एक वाक्य फालतू नसायचं. दार उघडायचं त्या क्षणी उघडायचं. ते सगळं कौशल्य कुठे ठेवून आला हा माणूस?

प्रयोग संपल्यावर मला हे सगळं कुणाला तरी सांगायचं होतं. बाहेर आले तर दोन घोळके. एकात सगळे म्हणत होते, अप्रतिम. दुसऱ्यात म्हणत होते, सर संपले. मी पहिल्यांना म्हटलं, शेवट जरा लांबला, नाही? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी देवळात चप्पल घालून आलेय. दुसऱ्यांना म्हटलं, पण तो डब्याचा प्रसंग? एक जण म्हणाला, "वहिनी, तुम्ही लावलंय नाटक, तुम्ही चांगलंच म्हणणार." मी तिथून निघून आले आणि खुर्च्यांखालच्या बाटल्या गोळा करायला लागले.

मंगळवारी काकूंचा फोन आला. पुन्हा बोलणी खायची तयारी ठेवूनच मी उचलला.

"ताई, त्या बहिणीनं परात नेली का भावानं?"

"काय?"

"शेवटाला. आमाला धड ऐकू आलं नाय. बसमधी निघाल्यापासून भांडणं चाललीत. निम्म्या म्हणत्यात भावानं नेली, निम्म्या म्हणत्यात तिनं. एक म्हणती, भावाचाच हक्क हाय. तिच्याशी दुसरी बोलंनाशी झालीय. मंडळात दोन तट पडलेत."

मी सांगितलं, दोघांनीही नेली नाही. ती ओट्यावरच राहते आणि दिवा जातो.

"आसं कसं?" काकू म्हणाल्या. "चांगली पितळेची परात टाकून गेली? काय येडी माणसं हायत!" त्यांना भयंकर राग आला होता, पण हा राग शनिवारचा नव्हता. या वेळी तो त्या भाऊ-बहिणीवर होता. मला सरांना तेव्हाच फोन लावून हे सांगावंसं वाटलं. मग काकू म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी आधी सांगायचं ताई. हसायचं हाय का नाय ते. मी माझ्या बायांना आसं पुन्यांदा आणणार नाय." आणि फोन ठेवला. सरांना मी फोन केला नाही. काय सांगितलं असतं? तुम्ही बरोबर होतात, की त्या बरोबर होत्या?

ते नाटक फार चाललं नाही. उन्हाळ्यापर्यंत बंद पडलं. प्राध्यापकांनी त्यावर लांबलचक लेख लिहिला, त्यात नाशिकच्या प्रेक्षकांना एक परिच्छेद दिला. टॉर्चचा उल्लेख होता, मध्यंतर नसल्याचा नव्हता.

नंतर पावसाळा संपताना सरांचा स्वतःचा फोन आला. त्यांचं वीस वर्षांपूर्वीचं एक गाजलेलं नाटक नव्या संचात परत येणार होतं. दारं वगैरे सगळं.

"दिवाळीनंतरची तारीख मिळेल ना?" त्यांनी विचारलं.

"मिळेल. तिकिटंही जातील," मी म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. कँटीनवाला खूश झाला असता, काकू खूश झाल्या असत्या, माझाही धंदा झाला असता. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि दुसरं काही नवीन नाही का करत, सर?"

"कशाला? पुन्हा पुठ्ठा लावायला?"

ते हे हसत म्हणाले, पण मला ते लागलं. मी म्हणाले, "लावीन. पण नाटक बघेनही. पुढच्या वेळी शेवट जरा आटोपता घ्या." म्हणताना मीच घाबरले. एवढ्या मोठ्या माणसाला हे मी सांगत होते!

ते म्हणाले, "शेवट लांबला हे मला तालमीतच कळलं होतं. सगळे छान छान म्हणत होते. तुम्ही त्या रविवारीच का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"बरं," ते म्हणाले. "तारीख सांगा."

मी कॅलेंडर काढलं आणि नोव्हेंबरातला एक शनिवार सांगितला.

"मध्यंतर आहे," ते म्हणाले. "वड्यांचं सांगून ठेवा."

फोन ठेवल्यावर मी यजमानांना सांगितलं की जुनं नाटक परत येतंय. "अरे वा," ते म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं. परातीच्या त्या नाटकात नक्की काय आवडलं, हे मी त्यांना पुन्हा एकदा विचारलं. तेव्हाही त्यांनी सांगितलं नाही.